मेंदूतल्या विजेची नोंद घेणारी बिनतारी इम्प्लांट्स : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकडीचा आजार, एएलएस (स्नायूंना जाणाऱ्या चेतापेशी झिजवणारा आजार) किंवा मणक्याची इजा असलेल्या रुग्णांचे घरचे, अंगात आधीच डीबीएस (मेंदूला विजेचं उत्तेजन देणारं यंत्र) बसवलेले लोक आणि या विषयात प्रोजेक्ट करू पाहणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मुख्यतः या तिघांकडून हे प्रश्न येतात. आपल्या कामाचा प्रश्न शोधून वाचा. मात्र घरातलं कुणी एखाद्या चाचणीत नाव द्यायचा विचार करत असेल, तर सहीच्या आधी काय विचारायचं तो प्रश्न वगळू नका.

हे यंत्र आत बसून नेमकं करतं काय?

चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते विजेच्या सूक्ष्म ठोक्यांनी. एक ठोका साधारण १ मिलिसेकंद टिकतो. पेशीच्या अगदी लगत, म्हणजे ५० ते १०० मायक्रोमीटरच्या आत इलेक्ट्रोड (वीज टिपणारं बारीक टोक) ठेवला, तर ५० ते ५०० मायक्रोव्होल्टचा सिग्नल हाती लागतो. तो पकडायचा, वाढवायचा, आकड्यांत बदलायचा आणि त्वचेपलीकडच्या रिसीव्हरला बिनतारी पाठवायचा, एवढं या इम्प्लांटचं काम.

बिनतारी असण्याला इतकं महत्त्व का, तर त्वचेतून कायमची बाहेर आलेली तार म्हणजे जंतूंना उघडं दार. २००४ पासून सुरू असलेल्या ब्रेनगेट या मेंदूच्या इम्प्लांटच्या चाचण्यांत डोक्यावर धातूचा कनेक्टर बसवलेला असायचा आणि त्याला केबल जोडावी लागायची. त्या चाचण्यांतून मोलाचं ज्ञान मिळालं, पण केबल जोडायला माणूस हवा आणि कनेक्टरभोवतीच्या त्वचेची रोज निगा हवी. घरी राहून वर्षानुवर्षं वापरायचं यंत्र तसं असून चालत नाही.

ईईजीची (डोक्यावरून मेंदूची वीज मोजायची) टोपी लावून नोंद मिळतेच की. मग आत कशाला घालायचं?

बंद दारामागे नाशिक ढोल वाजत असेल तर ठेका कळतो, पण कुणाची टिपरी कुठे पडली ते कळत नाही. टोपीच्या ईईजीचं तसंच आहे. कवटी आणि त्वचा ओलांडून येईतो सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्टवर येतो आणि लाखो पेशींचा मिळून एक होतो. निदानासाठी तो बऱ्याचदा पुरतो. जिथे टोपीवर भागतं, तिथे आत काही घालू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, महिनोन्‌महिने नोंद हवी असेल तेव्हा: टोपीखालची जेल वाळते, घामाने इलेक्ट्रोड सुटतात, आणि टोपी घालून कुणी द्राक्षाच्या बागेत काम करू शकत नाही. दोन, हात हलवायचा इरादा ओळखण्याइतका बारकावा हवा असेल तेव्हा.

कवटी उघडावी लागते का?

मार्गावर अवलंबून आहे.

सगळ्यात वरवरचा मार्ग त्वचेखालचा. कवटीला हातही लागत नाही, जागा बधिर करून काम होतं. डेन्मार्कच्या युनीगचं सबक्यू हे यंत्र या जातीचं. त्याला २०१९ मध्ये युरोपात विक्रीसाठी लागणारी सीई मान्यता मिळाली.

दुसरा मार्ग रक्तवाहिनीतून. सिंक्रॉन कंपनीचं स्टेंट्रोड असं बसवतात. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

तिसरा, कवटीत अरुंद फट पाडून पातळ फिल्म मेंदूच्या पृष्ठभागावर सरकवायची. प्रिसिजन न्यूरोसायन्सच्या १०२४ इलेक्ट्रोडच्या फिल्मला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये परवानगी दिली, पण जास्तीत जास्त ३० दिवसांच्या वापरासाठी.

न्यूरालिंकचं यंत्र मात्र या यादीत धरू नका. ते बिनतारी आहे, पण त्यासाठी कवटीचा नाण्याएवढा तुकडा काढावा लागतो आणि ६४ बारीक धागे रोबोटच्या सुईने मेंदूत ओवले जातात.

छेद लहान म्हणजे धोकाही लहान, असं मात्र समजू नका. आत जायचा मार्ग एका दिवसाचा असतो. आत राहिलेली वस्तू कितीतरी वर्षं राहते. त्वचेखालचं यंत्र पुन्हा बधिर करून काढता येतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत रुतलेली जाळी तशी काढता येत नाही. म्हणून डॉक्टरांना 'छेद केवढा' याच्याआधी 'काढायचं झालं तर कसं' हे विचारा.

शिरेतून मेंदूपर्यंत यंत्र पोचतं कसं?

हृदयात स्टेंट टाकतात त्याच घराण्यातली ही पद्धत आहे, फक्त धमनीऐवजी नीला वापरतात.

आधी सीटी किंवा एमआर व्हेनोग्राम (नीलांचं स्कॅन) करून डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी मोठी नीला, सुपिरिअर सॅजिटल सायनस, मोजली जाते. हातपाय हलवणारा मेंदूचा भाग तिच्या दोन्ही बाजूंना लागूनच असतो, म्हणून ही जागा. नीला अरुंद असेल, किंवा कॅथेटर ज्या वळणांतून न्यायचा तिथे अडथळा असेल, तर रुग्ण इथेच बाद होतो. रक्त गोठू नये म्हणून प्लेटलेटविरोधी गोळ्या प्रक्रियेच्या आधीपासून सुरू करतात.

पूर्ण भूल दिल्यावर मानेतल्या जुग्युलर नीलेत सुई घालून कॅथेटर वर नेतात. कॅथेटरमध्ये (बारीक नळीत) मिटून ठेवलेली निटिनॉल या लवचिक मिश्रधातूची जाळी योग्य जागी आली की कॅथेटर मागे ओढतात. जाळी आपोआप उमलून नीलेच्या भिंतीला टेकते. जाळीवर १६ इलेक्ट्रोड असतात. तिच्यापासून निघालेली मऊ तार नीलेतूनच मानेपर्यंत येते, तिथे बाहेर पडून त्वचेखालून छातीत जाते. कॉलरबोनखाली खिसा करून बसवलेल्या छोट्या पेटीला ती जोडली जाते आणि ती पेटी सिग्नल बाहेर पाठवते. म्हणजे बिनतारी टप्पा छातीपासून पुढचा आहे; डोक्यापासून छातीपर्यंत तार आहेच. माहितीपत्रकं हे नीट सांगत नाहीत.

पुढच्या काही आठवड्यांत नीलेचं अस्तर जाळीवर चढतं. त्यामुळे जाळी पक्की बसते आणि सिग्नलही स्थिर होतो. हे होईपर्यंत रक्ताची गाठ होण्याची भीती सर्वाधिक असते, म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत. 'पित्त वाढतं' म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन बंद करणारे रुग्ण स्टेंटच्या ओपीडीत रोज भेटतात. इथे तीच चूक मेंदूतून परत येणारं रक्त अडवू शकते.

माणसात पहिलं स्टेंट्रोड २०१९ मध्ये मेलबर्नला बसलं. तिथल्या चार रुग्णांचा १२ महिन्यांचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात यंत्रामुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व नाही, नीला बंद पडली नाही, जाळी सरकली नाही. निकाल चांगला आहे. पण रुग्ण चार आहेत, हेही विसरू नका.

बसवल्यावर रुग्णाला काय जमतं? बाबांना एएलएस आहे, ते पुन्हा बोलू लागतील का?

नाही. स्नायूंना जाणाऱ्या चेतापेशी झिजल्या आहेत, त्या या यंत्राने परत येत नाहीत.

स्टेंट्रोडच्या रुग्णांना जमलं ते असं: पाय किंवा हात हलवायचा प्रयत्न केला की मेंदूत उमटणारा बदल यंत्र ओळखतं आणि त्याचा कॉम्प्युटरवर 'क्लिक' होतो. त्यातून मेसेज पाठवणं, ऑनलाइन खरेदी, बँकेचं काम अशा गोष्टी होतात. १६ इलेक्ट्रोडमध्ये एवढंच शक्य आहे. न्यूरालिंकसारख्या हजार इलेक्ट्रोडच्या यंत्रांनी कर्सर मोकळेपणाने फिरवता येतो, पण त्यासाठी मेंदूच्या आत शिरावं लागतं.

बाबांची नजर अजून स्थिर असेल तर आधी डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र आणि साधा अक्षरफलक वापरून बघा. त्याला ऑपरेशन लागत नाही. आवाज अजून शाबूत असेल तर रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात आजच रेकॉर्ड करून ठेवा. हे काम पुढे ढकललं की हातचं जातं.

हे मनातले विचार वाचतं का?

नाही. ज्या भागावर इलेक्ट्रोड आहे त्या भागातली, आणि ज्याचा सराव करून घेतला आहे तेवढीच खूण ते ओळखतं. तरीही मेंदूची नोंद ही खाजगी वैद्यकीय माहिती आहे. ती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहते, कोण पाहू शकतं आणि पुसायला सांगितलं तर पुसतात का, हे लेखी घ्या. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ हा त्याचा आधार.

माझ्या भावाला झोपेत आकडी येते. त्वचेखालच्या ईईजीचा उपयोग होईल का?

याच ठिकाणी या तंत्राचा सर्वात ठोस उपयोग आहे, असं आम्ही मानतो. आकडीच्या डायरीत कितीतरी झटके राहून जातात, खासकरून झोपेतले, कारण रुग्णाला आठवत नाही आणि घरचे झोपलेले असतात. औषधाचा डोस मात्र त्याच डायरीवर ठरतो.

बसवताना कानामागे छोटा छेद देऊन छोटं यंत्र आणि त्याची इलेक्ट्रोडची बारीक तार टाळूच्या दिशेने त्वचेखाली सरकवतात. आत बॅटरी नसते. बाहेरून कानामागे चिकटवलेली चकती कॉइलद्वारे (तारेच्या वेटोळ्याने) वीज देते आणि नोंद उतरवून घेते. चकती काढली की नोंद थांबते, त्यामुळे आंघोळीनंतर ती परत लावायची सवय लावावी लागते.

मर्यादाही समजून घ्या. अशा यंत्राला दोनच चॅनल (नोंदीच्या वाटा) असतात आणि ते डोक्याच्या एकाच बाजूला असतं. दुसऱ्या बाजूला किंवा खोल भागात सुरू होऊन तिथेच संपणारी आकडी त्यात दिसत नाही. चावताना जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल मिसळतो. म्हणून आकडी कुठे सुरू होते हे आधी व्हिडिओ-ईईजी आणि आकडीसाठी खास पद्धतीने केलेल्या एमआरआयवर ठरलेलं असावं लागतं. हे दोन्ही न करता कुणी थेट इम्प्लांटची भाषा करत असेल तर दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्या. औषधाला दाद न देणाऱ्या आकडीसाठी मुंबईच्या केईएमला, बंगळुरूच्या निम्हान्सला किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेला दाखवता येतं. जाताना सगळे जुने ईईजी, एमआरआयची सीडी आणि मोबाईलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ न्या. फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही. आणि प्रवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका; सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसची घाई हे गोळी राहण्याचं नेहमीचं कारण आहे.

वीज कुठून येते? आत गरम होत नाही का?

तीन रस्ते आहेत: आतली बॅटरी, बाहेरच्या कॉइलमधून चुंबकीय क्षेत्राने, किंवा अल्ट्रासाउंडने.

उष्णता हीच खरी मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार इम्प्लांटचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंशांहून जास्त तापू नये. मेंदूला टेकलेल्या यंत्रासाठी डिझायनर १ अंशाचीच हद्द धरतात. चार्जिंगच्या वेळी सगळ्यात जास्त तापतं, कारण कॉइल एकमेकींसमोर नीट आल्या नाहीत तर बाहेरचा चार्जर जोर वाढवतो आणि तो जोर उष्णतेत जातो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या घरात चार्जिंग लावू नका. पहाटे लावा, चार्जर आणि त्वचेमध्ये यंत्रासोबत आलेलंच कापड ठेवा. लाइट जाणाऱ्या भागात चार्जर आदल्या रात्री भरून ठेवणं किंवा इन्व्हर्टरवर लावणं पुरतं.

सगळा सिग्नल सरळ ब्लूटूथने का पाठवत नाहीत?

हिशोब करून बघा. १०२४ चॅनल, प्रत्येकाचे सेकंदाला २०,००० नमुने, प्रत्येक नमुना १० बिटचा: सेकंदाला जवळपास २०५ मेगाबिट. कमी वीज खाणारं ब्लूटूथ फार तर १ ते २ मेगाबिट नेतं. म्हणून चिपवरच ठोके ओळखून 'कोणत्या चॅनलवर, कधी' एवढंच पाठवतात. यात तोटा असा की चिपने जे टाकून दिलं ते कायमचं गेलं. किती उंचीच्या सिग्नलला ठोका मानायचं तो उंबरठा चुकीचा ठेवला तर खरे ठोकेही गाळले जातात.

१६ चॅनलच्या किंवा संथ लहरी मोजणाऱ्या यंत्राला ही अडचण येत नाही. वैद्यकीय इम्प्लांटसाठी जगभर ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा राखलेला आहे, कारण २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा तो शरीरात कमी शोषला जातो.

'न्यूरल डस्ट' म्हणजे खरंच धूळ?

अजून तरी नाही. हे कणाएवढं लहान बिनतारी नोंदयंत्र आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेला कण साधारण ३ मिलिमीटर लांब होता आणि तो उंदराच्या पायाच्या मज्जातंतूवर बसवला होता. त्यातला पीझो (दाबाची वीज करणारा) स्फटिक बाहेरून आलेल्या १.८५ मेगाहर्ट्‌झच्या अल्ट्रासाउंडवर चालतो, आणि मज्जातंतूतली वीज बदलली की परत जाणारा प्रतिध्वनी किंचित बदलतो. तो बदल म्हणजेच नोंद.

अल्ट्रासाउंडच का? त्या वारंवारितेला शरीरात त्याची तरंगलांबी ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते, तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरीची १७ मिलिमीटरच्या घरात. मिलिमीटरभर यंत्राला रेडिओ नीट पकडता येत नाही, ध्वनी पकडता येतो. पण कवटीचं हाड अल्ट्रासाउंड मोठ्या प्रमाणात गिळतं, म्हणून हे तंत्र हातापायांच्या मज्जातंतूंसाठी जास्त आशादायक आहे. ब्राउन विद्यापीठाने २०२१ मध्ये उंदराच्या मेंदूवर ४८ 'न्यूरोग्रेन' (दाण्याएवढ्या चिप) ठेवून एकाच वेळी नोंद घेतली; ते मात्र रेडिओवर चालतात. दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेतल्या आहेत.

ही यंत्रं टिकतात किती? बिघडतात कुठे?

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, शरीराची प्रतिक्रिया. सिलिकॉनचा कडकपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, मेंदूचा किलोपास्कलमध्ये. श्वासाबरोबर, नाडीबरोबर मेंदू किंचित हलतो आणि कडक इलेक्ट्रोड त्याला घासत राहतो. भोवती मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या सहायक पेशींचा व्रण तयार होतो, चेतापेशी दूर सरकतात आणि एकेका पेशीचे ठोके महिन्यांगणिक मंदावतात. म्हणूनच मेंदूत न शिरणारी यंत्रं कमी बारकावा देऊनही जास्त काळ सारखी चालण्याची आशा असते.

दुसरी, जागा सोडणं. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णात २०२४ मध्ये काही धागे मेंदूतून मागे सरकले आणि कामाचे इलेक्ट्रोड घटले. सॉफ्टवेअर बदलून बराच वेग परत मिळवला गेला.

तिसरी, पाणी. शरीर म्हणजे ३७ अंशांचं खारट पाणी. पॅरिलीन किंवा सिलिकोनसारख्या पॉलिमरमधून वाफ हळूहळू शिरतेच. थर आणि धातूमधली पकड सुटली की तिथे थेंब साचतो, दोन वाटांमध्ये गळती सुरू होते आणि धातू गंजतो. टायटॅनियम, सिरॅमिक किंवा काचेची हवाबंद पेटी टिकते, पण ती मोठी आणि कडक होते. छोटं, मऊ आणि टिकाऊ या तिन्ही गोष्टी एकत्र आणणं हा या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

चौथी, तार. ती तुटते तिथे, जिथे ती वारंवार वाकते: मान आणि कॉलरबोन. १ किलोहर्ट्‌झला मोजलेला इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) एकदम चढला तर तार तुटल्याचा संशय घ्या. एकदम खाली आला तर पाणी शिरल्याचा किंवा शॉर्टचा. दर भेटीत हे आकडे मागून वहीत लिहून ठेवा.

आईला पार्किन्सनसाठी डीबीएस बसवलं आहे. तेही नोंद घेतं का?

काही मॉडेल घेतात. मेडट्रॉनिकचं पर्सेप्ट, २०२० पासून, उत्तेजन देतादेता त्याच इलेक्ट्रोडवरून मेंदूच्या संथ लहरी मोजतं. आईला 'हात जड झाला', 'गोळी उतरली' असं वाटेल तेव्हा रुग्णाच्या रिमोटवर खूण करायची सोय असते; ती खूण आणि त्या वेळच्या लहरी डॉक्टर पुढच्या भेटीत जुळवून पाहतात. मॉडेल जुनं असेल तर ही सोय नसते. केवळ नोंदीसाठी चालू यंत्र बदलू नका. बॅटरी संपून पेटी बदलायची वेळ येईल तेव्हा विचारा.

एमआरआय, फिजिओथेरपी, वेल्डिंग, मेटल डिटेक्टर: काय चालतं?

सगळ्यात आधी डायथर्मी, म्हणजे लहरींनी आतून दिलेला शेक, कारण धोका सर्वात मोठा आणि माहिती सर्वात कमी. मान-पाठ-गुडघ्याच्या दुखण्यावर फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत २७.१२ मेगाहर्ट्‌झचा शॉर्टवेव्ह शेक देतात. शरीरातली तार ती ऊर्जा अँटेनासारखी ओढून घेते आणि टोकाशी, म्हणजे मेंदूत, ऊतक भाजून निघतं. शेक गुडघ्याला असला तरी धोका आहे. यंत्र बंद केलं तरी आहे. डीबीएसच्या दोन रुग्णांचा असा मृत्यू झाल्यावर २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला. शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह आणि उपचाराचा अल्ट्रासाउंड, तिन्ही वर्ज्य. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात 'डायथर्मी नको' लिहून ठेवा.

एमआरआय: 'चालतो' किंवा 'चालत नाही' असं सरसकट उत्तर नसतं. पेटीचं मॉडेल, तारेचं मॉडेल, १.५ की ३ टेस्ला, कोणती कॉइल, या सगळ्यांवर ते ठरतं. स्कॅन सेंटरला आदल्या दिवशी इम्प्लांटच्या कार्डाचा फोटो पाठवा. जुनी, तोडून आत ठेवलेली तार असेल तर ते आवर्जून सांगा, नियम बदलतात.

इतर ऑपरेशन: कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं उपकरण) वापरायची वेळ आली तर सर्जनला आधी सांगा, बायपोलर वापरता येते का ते विचारा.

आर्क वेल्डिंग: सातपूर-अंबडला काम करणारे बरेच जण विचारतात. आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहा. बहुतेक टाळायला सांगतात.

मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने जा, तिथे रेंगाळू नका. हातातला डिटेक्टर पेटीवर धरू देऊ नका. सिंहस्थाच्या गर्दीत इम्प्लांटचं कार्ड गळ्यात किंवा वरच्या खिशात ठेवा; थैलीत तळाशी ठेवलेलं कार्ड पोलिसांना दाखवता येत नाही.

ऑपरेशननंतर रामकुंडात डुबकी कधी मारता येईल?

जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. साधारण दीड महिना धरून चाला. तोवर पाणी अंगावर शिंपडून घ्यावं. वाहत्या नदीतले जंतू यंत्रासाठी छातीत केलेल्या खिशात शिरले तर नुसत्या प्रतिजैविकांवर भागत नाही, बहुधा पूर्ण यंत्र काढावं लागतं. लाली, गरमपणा, पाणी येणं, टाक्याशी धागा किंवा धातू दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

भारतात हे कुठे मिळेल? खर्च किती?

मेंदूच्या इशाऱ्यावर कॉम्प्युटर चालवणारी स्टेंट्रोड आणि न्यूरालिंक ही यंत्रं हे लिहिताना जगात कुठेही विक्रीला नाहीत. ती चाचणीतच आहेत. त्यामुळे 'पॅकेज' सांगून पैसे मागणारा कुणीही भेटला तर उठून या.

भारतात चाचणी सुरू आहे का हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कुणालाही पाहता येतं. १५ जून २००९ पासून चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे. आजाराचं इंग्रजी नाव टाकून शोधा, नोंदणी क्रमांक उतरवून घ्या, चाचणी कोणत्या हॉस्पिटलात आहे आणि नैतिक समितीची मान्यता आहे का ते पाहा. उपकरणांच्या चाचण्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली सीडीएससीओ या केंद्रीय औषध-उपकरण नियामकाच्या परवानगीने होतात.

सही करण्याआधी काय विचारायचं?

संमतीपत्र मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि सही केलेली एक प्रत घरी आणणं हाही. घाईत, भरतीच्या रात्री सही करू नका. मग हे विचारा:

चाचणी संपल्यावर यंत्र आत राहणार की काढणार? काढायचा खर्च कोणाचा? इजा झाली तर उपचार किती काळ मोफत, आणि भरपाई कोण देणार? नाशिकहून दर महिन्याला जावं लागलं तर रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा प्रवासखर्च मिळणार का? रात्री दोनला ताप आला तर फोन कोण उचलणार, आणि नाशिकमधला कोणता डॉक्टर हे यंत्र ओळखतो?

आणि शेवटचा, जो बहुतेक विचारत नाहीत: कंपनी बंद पडली तर? दृष्टी देणारं आर्गस हे इम्प्लांट बनवणाऱ्या सेकंड साइट कंपनीने २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. शेकडो लोकांच्या डोळ्यांत यंत्र होतं आणि दुरुस्तीला कुणी नव्हतं. सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि काढण्याचा खर्च यांची तरतूद कागदावर नसेल, तर तोंडी आश्वासनावर थांबू नका. या मुद्द्यावर चाचणी नाकारली तर त्यात काही चुकत नाही.

रुग्ण दगावला तर अंत्यविधीआधी काही करावं लागतं?

हो. आत बॅटरी असेल तर दहनाआधी ती काढावी लागते, उष्णतेने फुटते. हॉस्पिटलला सांगितलं की छोट्या छेदातून पेटी काढून देतात. अमरधामला पोचल्यावर हे आठवून उपयोग नाही, म्हणून घरातल्या एकाला आधीच माहीत असू द्या. बॅटरी नसलेल्या यंत्रांना हे लागत नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला यावर काय प्रोजेक्ट करता येईल?

प्राण्यात किंवा माणसात काही घालायचं नाही. प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी-नैतिक समितीची, माणसांसाठी मानवी नैतिक समितीची मान्यता लागते, आणि त्वचेवर लावायच्या सर्किटलाही ती हवी. पण टेबलावर बरंच शिकता येतं.

नकली मेंदू: १०० मिलिलिटर सलाइनमध्ये ०.६ ग्रॅम अ‍ॅगरोज उकळून थंड करा. कडकपणा मेंदूच्या जवळ येतो. सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ.

नकली सिग्नल: जनरेटरचा १ व्होल्ट १०० किलोओहम आणि १० ओहमच्या विभाजकातून नेला की १०० मायक्रोव्होल्ट मिळतात. ते दोन तारांनी जेलमध्ये सोडा.

अ‍ॅम्प्लिफायर: संथ लहरींसाठी एडीएस१२९९ ही चिप पुरते, तिला ८ चॅनल आणि २४ बिट आहेत. ठोक्यांसाठी इंटानची आरएचडी२१३२, ३२ चॅनल, सेकंदाला ३० हजार नमुन्यांपर्यंत. सर्किट बॅटरीवरच चालवा. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असेल तर पडद्यावर फक्त ५० हर्ट्‌झ दिसेल. दुसरी नेहमीची चूक: सिग्नलला एका धातूचा आणि रेफरन्सला दुसऱ्या धातूचा इलेक्ट्रोड. दोन धातूंमधला डीसी फरक शेकडो मिलिव्होल्ट होतो आणि जास्त गेन ठेवला तर अ‍ॅम्प्लिफायर टोकाला जाऊन बसतो. दोन्ही चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे घ्या.

वीज: २५ मिलिमीटर व्यासाचे चार वेढे घेतले की इंडक्टन्स १ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. १३.५६ मेगाहर्ट्‌झला जुळवायला त्याच्याशी १३८ पिकोफॅरड लागतात. ट्रिमर वापरा, कारण हवेत जुळवलेली कॉइल सलाइनमध्ये बुडवली की रेझोनन्स खाली घसरतो आणि क्यू पडतो. जुळवणी बुडवलेल्या स्थितीतच करा.

टिकाऊपणा: सिलिकोनचं आवरण दिलेली कॉइल ६७ अंशांच्या सलाइनमध्ये ठेवा. दर १० अंशांना वेग दुप्पट या नियमाने ३७ अंशांच्या आठपट वेगाने ती म्हातारी होते, म्हणजे एक महिना म्हणजे साधारण आठ महिने. बरणीचं झाकण घट्ट ठेवा, नाहीतर पाणी उडून मिठाचं प्रमाण वाढतं. दोन दिवसांआड गळती-करंट मोजून लिहा. आवरण सगळ्यात आधी सुटतं ते तार आत शिरते त्या तोंडाशी, म्हणून त्या जागेचा भिंगातून फोटो प्रत्येक मोजणीबरोबर काढत जा.